हब मोटरचे नायलॉन गिअर पुन्हापुन्हा जातात? आधी कारण काढा, मग गिअर बदला

इलेक्ट्रिक सायकलीची तक्रार बहुतेक वेळा अशी येते: थ्रॉटल दिला की मोटर घोंगावते, पण चाक ओढत नाही. किंवा रिकाम्या सायकलीला सगळं ठीक असतं, मागे पोतं टाकून पांदणीला लागलं की खट-खट सुरू होते. मोटर उघडून नायलॉनचे तीन गिअर बदलले जातात, दोन-चार महिने बरं चालतं आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पुन्हा तेच. मग गिअर हलका निघाला म्हणून दुसरीकडून मागवला जातो. गिअर हलका असूही शकतो. पण एकाच सायकलीत दुसऱ्यांदा दात गेले, तर दोष गिअरच्या बाहेर आहे असं धरूनच कामाला लागा. जास्तीचा करंट, उष्णता, धक्का, पाणी, सैल एक्सल, यांपैकी काहीतरी तिथे असतंच. कोणतं, ते मोडलेल्या गिअरवरून बऱ्यापैकी कळतं.

खालचं सगळं ३६ व्होल्ट, २५० वॅटच्या गिअरवाल्या हब मोटरबद्दल (चाकाच्या मध्यातच बसवलेल्या मोटरबद्दल) आहे. तयार इलेक्ट्रिक सायकलींत आणि साध्या सायकलीला बसवायच्या किटमध्ये बहुतेक हीच असते. मोटर मध्ये पायडलपाशी आणि मागच्या हबमध्येच गिअर अशी जोडणी असेल, तर तिचा वेगळा भाग पुढे दिला आहे.

आत काय फिरतं

मोटरचं चुंबकांचं भांडं (रोटर) चाकापेक्षा साधारण साडेचार-पाच पट वेगाने फिरतं. त्याच्या मध्यावर लोखंडी छोटा गिअर असतो. त्याभोवती नायलॉनचे तीन गिअर आणि त्यांच्या बाहेरून चाकाच्या कवचाला पक्का केलेला, आतल्या बाजूला दात असलेला लोखंडी कडा. तिन्ही नायलॉन गिअर ज्या लोखंडी तबकडीवर बसतात, तिच्या पोटात एकाच दिशेने सुटणारा क्लच असतो आणि तो क्लच चावीने एक्सलला पकडलेला असतो. मोटर ओढते तेव्हा क्लच तबकडीला जागेवर धरून ठेवतो. तुम्ही नुसतं पायडल मारता किंवा उतारावर सायकल सोडता, तेव्हा क्लच सुटतो आणि मोटर थांबलेली राहते.

या रचनेतल्या दोन गोष्टी पुढे सारख्या लागतील. चाक पुढे फिरवलं तर रोटर फिरत नाही, मागे फिरवलं तरच फिरतो. आणि मोटरची उष्णता बाहेर जायला एक्सल व आतली हवा एवढीच वाट आहे. आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी कवचाला कुठेच चिकटलेली नसते. त्यामुळे हाताला कवच कोमट लागत असताना आतली तार उकळत असू शकते.

उघडण्याआधीची तपासणी

मागचं चाक उचलून धरा, बॅटरी बंद करा आणि चाक हाताने मागे फिरवा. निरोगी मोटरमध्ये चुंबकांचे हलके गचके जाणवतात आणि चाक लगेच थांबतं. चाक मागेही पुढच्यासारखंच मोकळं फिरत असेल, तर क्लच सुटलाय किंवा तिन्ही गिअरचे दात गेलेत.

खात्रीसाठी मोटरचा कनेक्टर कंट्रोलरपासून (बॅटरीतून मोटरला करंट सोडणाऱ्या पेटीपासून) सोडवा आणि तीन जाड वायर (बहुतेक वेळा पिवळी, हिरवी, निळी) एकमेकींना जोडून पुन्हा चाक मागे फिरवा. आता ते चांगलंच जड व्हायला हवं. तरीही मोकळं राहिलं तर बिघाड यांत्रिक आहे, मोटर उघडावीच लागेल. उलट, कनेक्टर जोडलेला असताना चाक मागे फिरवायला जड आणि काढल्यावर हलकं होत असेल, तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा भाग) जळालेला आहे. गिअरला हात लावू नका.

आता आवाज. दात मोडल्याचा खटका तालात असतो. नव्वद दातांचा कडा आणि छत्तीस दातांचा नायलॉन गिअर अशी जोडी असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात नायलॉन गिअर अडीच वेळा फिरतो. मोडलेला दात दर फेऱ्याला एकदा आतल्या लोखंडी गिअरवर आणि एकदा बाहेरच्या कड्यावर येतो, म्हणजे चाकाच्या फेऱ्याला पाच खटके. ओढ असताना ते मोठे ऐकू येतात आणि थ्रॉटल सोडला की जवळजवळ बंद होतात. क्लच घसरत असेल तर खटका नसतो. मोटर एकदम मोकळी झाल्यासारखी सर्रकन पळते आणि मग झटक्यात पकडते. थ्रॉटल नसतानाही घरघर चालू राहिली, तर ते बेअरिंग आहे.

हॉल सेन्सर (रोटर कुठे आहे ते कंट्रोलरला कळवणारा) गेला तर निघताना सायकल थरथरते, गचके देते आणि आवाज थेट दात तुटल्यासारखा येतो. या एका गल्लतीपायी चांगले गिअर फेकले जातात. तपासणी सोपी आहे. मोटरचा कनेक्टर पुन्हा जोडून बॅटरी चालू करा आणि मल्टिमीटरने बारीक लाल-काळ्या वायरींवर साधारण ५ व्होल्ट येतात का ते बघा. मग काळी आणि एकेक सिग्नल वायर (बारीक पिवळी, हिरवी, निळी) यांच्यात मीटर लावून चाक हळूहळू मागे फिरवा. तिन्हींवर आकडा शून्याजवळ आणि पाचाजवळ असा आलटून पालटून दिसला पाहिजे. एखादीवर तो हलतच नसेल, तर तो सेन्सर किंवा त्याची वायर गेली. चाक पुढे फिरवून तपासलं तर तिन्ही मेलेले वाटतील, कारण रोटर फिरतच नाही.

प्रत्येक वेळी निघताना फक्त एकच टक्क असा आवाज येत असेल, तर तो एक्सल खाचेत हलल्याचा असतो. नट तपासा. हे दुर्लक्षित राहिलं तर एक्सल एक दिवस पूर्ण गरकन फिरतो आणि वायर पिळून तोडतो.

उघडताना

लागणारं सामान: १८ आणि १९ चा पाना, तुमच्या फ्रीव्हीलचा पुलर (मोटरचा एक्सल जाड असतो, म्हणून पुलरचं भोक १२ मिलिमीटरचा एक्सल आरपार जाईल एवढं हवं), चांगल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर किंवा अ‍ॅलन की, सर्क्लिप प्लायर, लाकडाचा ठोकळा, स्वच्छ सुती कापड आणि व्हर्नियर.

जागा नीट निवडा. बऱ्याच ठिकाणी सायकल, पाण्याच्या मोटरी आणि वेल्डिंग एकाच शेडमध्ये चालतं. रोटरची चुंबकं जोरदार असतात, ग्राइंडरचा लोखंडी भुसा ती लगेच ओढून घेतात. हा भुसा गुंडाळी आणि चुंबक यांच्या फटीत गेला की तारेवरचं वार्निश खरवडतं. वेल्डिंगच्या टेबलापासून दूर, खाली कापड अंथरून बसा.

चाक काढल्यावर एक्सलवरचे नट, वायसर, स्पेसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून मोबाईलवर फोटो काढा. झाकण आणि कवच यांच्यावर मार्करने एक आडवी रेघ ओढा. झाकणाचे स्क्रू घट्ट चिकटलेले असतात, त्यांवर पेचकस ठेवून वरून हातोडीचा एक टोला द्या आणि मग फिरवा, नाहीतर डोकी जातात. सगळे स्क्रू निघाल्यावर चाक उभं धरून एक्सलचं टोक लाकडी ठोकळ्यावर हळू आपटा. झाकण सुटून येतं. लोखंडी हातोडी थेट एक्सलवर मारू नका, आटे बसतात. आणि वायर बाहेर येते त्या बाजूचं टोक तर अजिबात आपटू नका.

क्लचची तबकडी वर ओढली की तिन्ही गिअरसकट हातात येते. खालची छोटी चावी एक्सलच्या खाचेत असते, ती बऱ्याचदा ग्रीसमध्ये हरवते. ती आधी काढून डबीत ठेवा.

मोडलेला गिअर वाचायचा कसा

गिअर धुण्याआधी बघा. धुतल्यावर निम्मी माहिती वाहून जाते.

दात एकाच बाजूला झुकलेले, कडा गोल आणि चकाकी आलेली, पांढरं नायलॉन पिवळट-तपकिरी झालेलं दिसलं तर कारण उष्णता. नायलॉन ८०-१०० अंशांपर्यंत तापलं की मऊ पडतं आणि साध्या ओढीनेही वाकतं. अशा वेळी गुंडाळीचा वास घ्या, रंग बघा. जळक्या वार्निशचा वास आणि काळवंडलेली तार असेल, तर नुसते गिअर टाकून ती मोटर फार दिवस चालणार नाही. गिऱ्हाइकाला हे पैसे घेण्याआधी सांगा.

एखाद-दोन दात मुळापासून स्वच्छ तुटलेले आणि बाकीचे नव्यासारखे असतील, तर तो धक्का. सायकल उभी असताना पूर्ण थ्रॉटल, खड्ड्यातून उसळलेलं चाक हवेत मोकळं फिरून जमिनीवर पडताना बसलेली ओढ, किंवा चिखलात अडकलेलं चाक.

सगळे दात एका बाजूने सारखे बारीक झालेले आणि भोवती काळा-करडा लगदा असेल, तर ग्रीस संपलं होतं किंवा त्यात माती-लोखंडाची पूड गेली होती. लोखंडी गिअरवर तांबूस डाग आणि ग्रीस दह्यासारखं पांढुरकं दिसलं, तर आत पाणी गेलंय.

तिघांपैकी एकच झिजला असेल तर त्याचं बेअरिंग किंवा ती खुंटी तपासा. खुंटी वाकलेली असेल तर पूर्ण तबकडीच बदला, ठोकून सरळ केलेली टिकत नाही. कधी दात शाबूत असतात, पण नायलॉन आतल्या लोखंडी बुशवर घसरतं. गिअरचा दात एका हाताने आणि बुश पक्कडीत धरून पिळून बघा. हा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि मोटर तशीच परत बंद केली जाते.

करंट आणि उष्णता: खरं दुखणं बहुतेक इथेच

७० किलोचा माणूस, बॅटरीसकट २५ किलोची सायकल आणि मागे युरियाची ४५ किलोची गोणी, म्हणजे १४० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जाताना घर्षण आणि वारा मिळून साधारण २५ न्यूटन ओढ लागते. २६ इंची चाकावर ती ८ न्यूटन-मीटरच्या आसपास होते. हीच सायकल भुसभुशीत पांदणीत शंभर मीटरला चार मीटर चढावर घातली, की ओढ साधारण ९५ न्यूटन, म्हणजे ३१-३२ न्यूटन-मीटर. चौपट. मोटरच्या गुंडाळीतला करंट ओढीच्या प्रमाणात वाढतो आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने. म्हणजे मोटरने सगळी ओढ एकटीने घ्यायची ठरवली तर तारेत सोळापट उष्णता. २८ इंची घोडा सायकलीला हीच मोटर लावली, तर चाक मोठं म्हणून आणखी सात-आठ टक्के ओढ वाढते.

डिस्प्लेवर १४ अँपिअर दिसत असतील तर तो बॅटरीचा करंट असतो. सायकल ताशी सात-आठ किलोमीटरने रांगत असताना गुंडाळीत त्याच्या दुप्पट-तिप्पट करंट जात असतो, कारण कंट्रोलर व्होल्टेज कमी करून करंट वाढवतो. म्हणून हळू आणि पूर्ण थ्रॉटल ही सगळ्यात वाईट जोडी. त्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडचा मे महिना. बाहेरच ४५ अंश असताना मोटरला थंड व्हायला जी २०-२५ अंशांची सवलत इतर ऋतूंत मिळते ती नाहीशी होते. उन्हात उभी असलेली सायकल निघते तेव्हाच तापलेली असते.

यावर चार उपाय आहेत, आणि ते या क्रमाने करा.

पहिला, निघताना पाय. ताशी ८-१० किलोमीटर वेग पायडलने घ्या, मग थ्रॉटल. पांदणीत आणि चढावर पायडल चालूच ठेवा. मागे सात गिअरचा फ्रीव्हील असेल तर मोठ्या चकतीवर साखळी टाकून पायांनी निम्मा भार उचला. गिअर वाचवणारा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

दुसरा, करंटची मर्यादा. एस-८६६ जातीच्या साध्या डिस्प्लेत पी-१४ या सेटिंगमध्ये अँपिअरचा आकडा असतो. तो १५ असेल तर १० वर आणा. प्रत्येक कंट्रोलर ही सेटिंग मानतोच असं नाही, म्हणून बॅटरीच्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर लावून चढावर खरोखर किती जातात ते बघा. चढावर जोर थोडा कमी वाटेल, पण गिअर आणि गुंडाळी दोन्ही राहतील.

तिसरा, ४८ व्होल्टचा मोह टाळणं. ३६ ऐवजी ४८ व्होल्टची बॅटरी आणि २० अँपिअरपुढचा कंट्रोलर टाकून मिळतं काय, तर सपाटीवर एक तृतीयांश जास्त वेग. चढावर त्याच बारीक दातांवर जास्त ओढ येते. शिवाय २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा ओलांडली की सायकल कायद्याने मोटार वाहनात मोडते, तिला नोंदणी आणि लायसन्स लागतं.

चौथा, विश्रांती. लांब चढावर, उदाहरणार्थ परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे भार घेऊन चढताना, एक्सलच्या टोकाला अधूनमधून बोट लावा. गुंडाळी एक्सलवरच बसलेली असल्याने कवचाआधी एक्सल खरं सांगतो. चटका बसला तर सावलीत १५-२० मिनिटं थांबा. मोटर एरवीही उघडलीच असेल तर गुंडाळीत १० के चा एनटीसी सेन्सर (तापमान कळवणारा) इपॉक्सीने चिकटवून ठेवता येतो. कनेक्टरमध्ये मोकळी वायर असेल तरच हे करा, एक्सलच्या भोकातून नवी वायर ओढण्याच्या नादात जुन्या सोलल्या जातात.

काळी माती आणि पावसाळा

विदर्भातल्या काळ्या जमिनीत एक प्रकार हमखास होतो. दोन सरी पडल्यावर वावराच्या वाटेने सायकल घातली की चिखल टायरला लपेटत मडगार्डमध्ये आणि ब्रेकच्या कात्रीत घट्ट बसतो. चाक जाम होतं. पाय लगेच थांबतात, थ्रॉटलवरचा अंगठा थांबत नाही. मोटर जागेवर अडकून पूर्ण करंट ओढते आणि नायलॉनचा दात सगळ्यात आधी जातो. पावसाळ्यात मागचा मडगार्ड काढून ठेवा किंवा टायरपासून किमान दोन बोटं उंच बांधा. काडीने चिखल काढून चाक हाताने मोकळं फिरतंय हे बघितल्याशिवाय थ्रॉटल देऊ नका. काळ्या चिखलातून सायकल ढकलतच न्यायची असेल तर बॅटरीची चावी बंद करून न्या.

दुसरा प्रकार नाल्याचा. तापलेली मोटर गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि वायरच्या भोकातून, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. पाणी एक्सलपर्यंत असेल तर आधी मोटर निवू द्या किंवा सायकल उचलून न्या. धुताना प्रेशर पंपाची धार हबवर मारू नका. वायर एक्सलमधून निघाल्यावर आधी खाली झोक घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोकाच्या तळाशी गळून पडतं. वायरच्या तोंडाशी सिलिकॉन सीलंट लावा. पाणी गेलंच असेल तर झाकण उघडून मोटर सावलीत दोन दिवस सुकवा, बेअरिंग बदला आणि जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढा.

बसवताना

गिअर मागवताना नुसतं मोटरचं नाव सांगून भागत नाही. दातांची संख्या, बाहेरचा व्यास, जाडी आणि मधल्या भोकाचा किंवा बेअरिंगचा माप व्हर्नियरने घ्या. तिन्ही गिअर एकदम बदला. दोन जुने आणि एक नवा असं केलं तर सगळा भार नव्यावर येतो. लोखंडी गिअर टाकावेत का, हे बरेच जण विचारतात. आमचं मत स्पष्ट आहे, टाकू नयेत. आवाज फार येतो आणि जो धक्का आधी स्वस्त नायलॉनचा दात घेत होता तो थेट क्लचवर आणि एक्सलच्या चावीवर जातो.

क्लच तपासायला तबकडी हातात धरून मधलं बुश दोन्ही दिशांना फिरवा. एकीकडे गुळगुळीत मोकळं, दुसरीकडे जराही न सरकता घट्ट, असं हवं. किंचित सरकून मग पकडत असेल तर गिअरसह जोडून मिळणारा पूर्ण संच घ्या.

बेअरिंगचा नंबर त्याच्या सीलवरच लिहिलेला असतो. ६०८, ६००१, ६९०२ असले नंबर तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात किंवा मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतात. पत्र्याच्या सीलचं (झेडझेड) न घेता दोन्ही बाजूंनी रबरी सीलचं (टू-आरएस) घ्या.

ग्रीस लिथियमचं, दातांवर पातळ थर, एकूण चमचाभर, साधारण १० ग्रॅम. कवच भरून ग्रीस ठोसणं ही नेहमीची चूक आहे. उन्हाळ्यात ते पातळ होऊन क्लचमध्ये उतरतं आणि क्लच घसरायला लागतो. काळं मोलीचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस तर आत जाऊच देऊ नका, क्लचचे रोलर घर्षणावर पकडतात आणि ही ग्रीसं नेमकं तेच घर्षण मारतात. क्लचला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात.

झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. घट्ट करण्याआधी चाक मागे फिरवून तिन्ही गिअर कड्यात नीट बसलेत ना ते बघा. अडकतंय असं वाटलं तर जोर न लावता पुन्हा उघडा.

आता एक्सल. मोटरच्या एक्सलच्या दोन्ही बाजू १० मिलिमीटरवर चपट्या केलेल्या असतात. जुन्या घोडा सायकलीची खाच तीन अष्टमांश इंची एक्सलसाठी, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास असते. खाच कानशीने दोन्ही बाजूंनी सारखी मोठी करा, एक्सल कधीही घासू नका. टॉर्क आर्म (एक्सलला खाचेत फिरू न देणारी पट्टी) नसेल तर ट्रॉली बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिलिमीटरच्या पट्टीत बरोबर १० मिलिमीटरची खाच पाडून घ्या आणि तिचं दुसरं टोक चिमट्याला क्लॅम्पने बांधा. पुढच्या चाकात मोटर असेल तर हे सक्तीचं समजा, कारण पुढची खाच फाटली तर चाकच निघून येतं. नटला साधारण ४० न्यूटन-मीटर लागतं. २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर सोळा किलोचा जोर दिला की तेवढं होतं. आणखी एक: घोडा सायकलीची मागची रिम ४० भोकांची असते आणि हब मोटर बहुतेक ३६ ची. चार भोकं मोकळी सोडून विणलेलं चाक भाराखाली सारखं आऊट होतं. ३६ भोकांचीच रिम घ्या.

मोटर पायडलपाशी आणि गिअर मागच्या हबमध्ये असतील तर

स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब किंवा शिमानो नेक्सस लावलेल्या सायकलीला मिड-ड्राइव्ह मोटर बसवली, की मोटरचा आणि पायांचा सगळा जोर हबच्या आतल्या बारीक कुत्र्यांवरून (एकाच दिशेने पकडणाऱ्या खिट्ट्यांवरून) आणि दातांवरून जातो. हब पुढच्या चाकात असलेल्या मोटरबरोबर वापरला तर त्याच्यावर फक्त पाय असतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून हा हब ठेवायचाच असेल तर मोटर पुढे घ्या.

मिड-ड्राइव्हच हवी असेल तर साखळीचं गणित जमवा. क्रँकवर ८० न्यूटन-मीटर देणारी मोटर, पुढे ४४ दातांची आणि मागे १८ दातांची चकती, तर हबवर ३३ न्यूटन-मीटर जातात. पुढे ३२ आणि मागे २० केलं की तेच ५० होतात. चढाला सोपं पडावं म्हणून पुढची चकती लहान केली जाते आणि हब तिथेच मरतो.

दुसरी अडचण गिअर बदलताना येते. पाय आपोआप क्षणभर सैल पडतात, मोटर पडत नाही. ब्रेकच्या लिव्हरला मोटर बंद करणारा स्विच असतोच. गिअर टाकताना ब्रेक लागणार नाही इतपत लिव्हर किंचित दाबा, मोटर सुटेल, मग गिअर टाका. केबलही वरचेवर बघा. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरवाल्या एडब्ल्यू हबमध्ये दुसरा गिअर टाकून उजव्या नटच्या खिडकीतून पाहिलं, तर साखळीच्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर यायला हवा. केबल सैल पडली तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे हब मोकळा सुटतो, आणि मोटरच्या जोरात मोकळा सुटून पुन्हा पकडला की कुत्र्यांच्या कडा गोल होतात. नेक्सस सातला चौथा गिअर टाकून हबवरच्या दोन रेघा जुळवायच्या. एडब्ल्यूचा दुसरा गिअर थेट असतो, त्यात आतले गिअर भाराविना फिरतात. पोतं घेऊन जायचं तेव्हा शक्य तेवढं त्यातच चालवा.

जोडल्यानंतर

चाक उचलून रिकामं पाच मिनिटं चालवा. आधी हळू, मग पूर्ण. नवीन नायलॉन किंचित कुईं करतं, ते चालतं, पण खटका नको. मग गोणी न टाकता २०-३० किलोमीटर चालवा, उभ्या सायकलीवर थ्रॉटल न देता. त्यानंतर एक्सलचे नट, टॉर्क आर्मचा क्लॅम्प आणि झाकणाचे स्क्रू पुन्हा आवळा आणि स्पोक बोटांनी दाबून सैल असतील ते ताणून घ्या. पुढे दर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू होण्याआधी एकदा झाकण उघडून ग्रीसचा रंग बघा. पांढुरकं दिसलं तर पाण्याची वाट शोधा. काळं दिसलं तर ते पुसून बोटांत चोळा. खरखर लागली तर आत माती किंवा लोखंड आहे, सगळं साफ करून नव्याने भरा. नुसतंच काळं आणि मऊ असेल तर तसंच राहू द्या.